मंगळवारच्या टाळ्या

गुंडोला दारू सोडायची नव्हती; त्याला फक्त आईच्या वर्षश्राद्धाला बसायचं होतं. या दोन गोष्टींची गाठ मारली त्याच्या धाकट्या भावाने, श्रीहरीने, आणि ती करकचून आवळली गुंडोच्या बायकोने, अलकाने. तेव्हापासून गुंडो या दोघांना मनातल्या मनात, आणि संधी मिळाली की तोंडावरही, शिव्या घालत असे.

झालं होतं असं. अनुसूयाबाई गेल्या त्या दुपारी त्यांचा हा थोरला मुलगा यशवंतपूरच्या बाजारामागे एका बारमध्ये बसला होता. घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्याला दोघांनी दंडाला धरून स्मशानात आणलं तेव्हा पुरोहित नागराजाचार्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि श्रीहरीला पुढे बोलावलं. अग्नी धाकट्याने दिला, बारा दिवस धाकट्याने केले, वर्षभर दर महिन्याचे पिंडही त्यानेच दिले. बंगळूरमध्ये चारशे वर्षं मुरलेल्या देशस्थ घरांत कोणाचा मुलगा कुठे नोकरी करतो हे लोक विसरतात, पण कोण आईच्या श्राद्धाला बसला नाही हे तीन पिढ्या लक्षात ठेवतात. गुंडोला लाज वाटली होती हे खरं. पण लाज वाटली की तो पीत असे आणि प्यायला की भांडत असे, त्यामुळे ती लाज कुणाला दिसली नाही.

वर्ष भरत आलं तसे नागराजाचार्य म्हणाले, थोरला जिवंत असताना धाकट्याने कायमचं पाटावर बसणं बरं नाही. थोरला शुद्धीवर असेल तर वर्षश्राद्धापासून त्यालाच बसवा. मग श्रीहरी यशवंतपूरला आला. हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस भावाशी बोलतानाही मीटिंग घेतल्यासारखा बोलतो. त्याने सांगितलं की दारू बंद झाली पाहिजे, आणि नुसती बंद झाली म्हणून चालणार नाही. दारू सोडणाऱ्यांचे गट असतात, दर आठवड्याला तिथे जायचं. नाही जमलं तर श्राद्धाला मीच बसेन.

"आणि तू जेवणाच्या वेळेला ये अण्णा," तो म्हणाला, "बाकीच्या पाहुण्यांबरोबर."

हे वाक्य गुंडोला झोंबलं. त्याने अलकाकडे पाहिलं, ती काही बोलेल म्हणून. अलका शाळेत गणित शिकवते आणि तिच्या लेखी चूक ही चूक असते, मग ती वहीत असो की घरात. ती म्हणाली, "सरी, बरोबर बोलताय तुम्ही, भावोजी. मी घेऊन जाईन त्यांना."

गुंडो विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे क्लेम नाकारायचं काम करायचा. वीस वर्षं माणसाच्या अर्जातली खोट काढून काढून त्याची नजर अशी झाली होती की देवळात गेला तरी त्याला आधी पुजाऱ्याच्या धोतराचं भोक दिसायचं. असा माणूस गट शोधायला निघाला तर काय होणार? पहिला गट हेब्बाळला, इंग्रजीत चालणारा. तिथे सगळी लॅपटॉपवाली तरुण पोरं. गुंडो कोपऱ्यात बसला तोच प्रणीत नावाचा एक पुण्याचा मुलगा सरकत सरकत जवळ आला आणि म्हणाला, काका, तुम्ही पण महाराष्ट्रीयन का? गुंडो चहाला म्हणून उठला तो परत गेला नाही. दुसरा गट यशवंतपूरलाच, कानडीत. दारातच बाजारातला गुळाचा व्यापारी भेटला. हा माणूस अनुसूयाबाईंच्या बाराव्याला जेवून गेला होता. त्याने हात जोडून, "बन्नी गुंडोराव, बन्नी", या या, असं इतक्या आपुलकीने म्हटलं की गुंडोला त्याचा गळा धरावासा वाटला.

तेव्हा त्याची एकच अट राहिली. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही आणि आपण बोललेलं कुणाला कळत नाही, अशी जागा हवी. गट हवा तो बरं व्हायला नव्हे, श्रीहरीच्या तोंडावर मारायला हवा होता. शोधता शोधता त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, स्टेशनच्या अलीकडे एका चर्चच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी भरणारा गट सापडला. तो तमिळमध्ये चालायचा. गुंडोला तमिळ म्हणजे 'वणक्कम'च्या पुढे एक अक्षर येत नव्हतं. त्याला फार आनंद झाला.

अलका म्हणाली, तिथेच जायचं कारण काय? त्याने सांगितलं की ओळखीचे लोक असले की मन मोकळं होत नाही. हे अलकाला पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. पोलिसाने कैद्याला न्यावं तशी ती त्याला मंगळवारी मेट्रोने घेऊन गेली. घरच्या माणसांनी आत बसायला हरकत नव्हती. "तमिळ कळतं का तुला?" असं विचारून गुंडोने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि ती तिथे वह्या तपासत बसली.

गटाचा म्होरक्या राजरत्नम हा रेल्वेतून निवृत्त झालेला दांडगा गृहस्थ. त्याने मोडक्या कानडीत गुंडोला नियम सांगितले. एकेकाने आपलं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. गुंडोने विचारलं, मला तमिळ येत नाही, मी माझ्या भाषेत बोलू का? राजरत्नम म्हणाला, बोला की. आम्हाला नाही कळलं तरी चालेल, बोलणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत मराठी ही नुसती घरची भाषा नाही, ती लपायची जागा आहे. साडीच्या दुकानात दुकानदारासमोर बसून त्याच्याच साडीला नावं ठेवायची, रिक्षात बसून रिक्षावाल्याच्या मानेबद्दल बोलायचं, आणि चेहरा मात्र असा ठेवायचा की देवाचं नाव घेतोय. मुलं हे पाळण्यातच शिकतात. गुंडो तर या कलेत घरात पहिला. अनुसूयाबाई त्याला बाजारात मुद्दाम बरोबर न्यायच्या, कारण हा हसतमुखाने अशी काही शिवी घालायचा की त्यांना पदर तोंडाला लावावा लागे.

तर पहिल्या मंगळवारी गुंडोची पाळी आली तेव्हा त्याने हात जोडले, चेहरा भाविक केला आणि मराठीत सुरुवात केली. म्हणाला, नमस्कार मंडळी. या खोलीत पंखा एक आणि दारुडे चौदा, त्यामुळे वास कुणाचा येतोय ते कळत नाही. हा राजरत्नम आधी प्यायचा का इंजिन खायचा देव जाणे. माझी बायको बाहेर बसलीय, तिला वाटतंय मी रडतोय. मी इथे येणार, बसणार, तुमचा चहा पिणार आणि जाताना कोपऱ्यावर माझं नाइंटीचं दारूचं पाकीट घेणार. एवढं बोलून त्याने डोळे मिटून मान खाली घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीचे तर डोळे भरून आले.

बाहेर अलकाने टाळ्या ऐकल्या. रात्री तिने श्रीहरीला फोन करून सांगितलं की आत बोलतात बहुतेक, टाळ्या पडतात.

मग दर मंगळवारी हेच. गुंडोला ते आवडायला लागलं, हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नसतं. तो श्रीहरीला शिव्या घालायचा, अलकाला घालायचा, मैसूरला शिकणाऱ्या आणि सुट्टीतही घरी यायचं टाळणाऱ्या मुलीला, संहिताला, घालायचा. समोर बसलेल्यांची एकेकाची नक्कल करायचा. त्यात एक शेषगिरी होता. सत्तरीचा, काटकुळा, कपाळाला उभा गंधाचा पट्टा. कधी एक शब्द बोलायचा नाही, डोळे मिटून असायचा. चहा वाटायचं काम त्याच्याकडे होतं, आणि गुंडोचा ग्लास तो सगळ्यांत शेवटी आणायचा, तोही बिनसाखरेचा. गुंडोने त्याचं नाव वाळका चिंचेचा आकडा ठेवलं. म्हणाला, हे थेरडं बहिरंही असावं, आणि याची बायको याला सोडून नाही गेली तर ती आंधळी असणार. टाळ्या पडल्या. शेषगिरीनेही दोन वाजवल्या.

पिणं चालूच होतं. दुपारी कचेरीतून निघायचं, पाकीट रिकामं करायचं, लवंग चघळायची. अलकाला संशय होता; ती त्याच्या डब्याचा, रुमालाचा वास घेई. पण मंगळवारच्या टाळ्या तिने स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या आणि त्यांच्यापुढे तिचं नाक कमी पडलं. श्रीहरी तर फोनवर "अण्णा, प्राउड ऑफ यू" म्हणाला. गुंडोने फोन ठेवला आणि त्याला उंदराला मांजर साक्ष ही म्हण आठवून हसू आलं.

श्राद्धाच्या आधीच्या मंगळवारी मात्र त्याची जीभ थोडी वेगळी चालली. त्याने नेहमीसारखी श्रीहरीपासून सुरुवात केली. म्हणाला, पुढच्या मंगळवारी हेब्बाळला माझ्या आईचं वर्षश्राद्ध आहे आणि मी बसणार आहे, बघत राहा म्हणावं. आमच्या नागराजाचार्यांना आईच्या जागी बसून जेवायला ब्राह्मण मिळत नाहीये. एवढं मोठं बंगळूर, पण श्राद्धाला जेवायला माणूस नाही. सगळे अमेरिकेला गेले का मेले कोण जाणे. मग म्हणाला, न पिता बसलो तर हात कापणार. तर्पणाचं पाणी सांडलं की श्रीहरी बघणार. म्हणून मी पिऊन बसणार. आईलाही पिऊनच वाढणार. ती गेली तेव्हा मी प्यायलेला होतो, ती जिवंत होती तेव्हाही होतो, मग आता कोणतं सोवळं राहिलंय? शेवटच्या दिवशी तिने मला तीनदा फोन केला. मी नाव बघितलं. उचलला नाही. मला वाटलं भाजी आण म्हणत असेल.

हे शेवटचं वाक्य तो बोलणार नव्हता. ते त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पण ऐकणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे बोलून गेला आणि खाली बसला. टाळ्या पडल्या. शेषगिरीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्याला चहाच आणला नाही.

श्राद्धाच्या सकाळी गुंडोने अंघोळीआधी न्हाणीघरात दार लावून पाकीट तोंडाला लावलं. हात स्थिर झाले. श्रीहरीच्या हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये तो ओलेत्या धोतराने हातात तांब्या घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगात वर्षभरात नव्हता असा ताठा होता. बोटात दर्भाचं पवित्रक होतं. आत सोवळ्यात अलका आणि श्रीहरीची बायको सुप्रीता वडे तळत होत्या. नागराजाचार्य म्हणाले, जेवायला ब्राह्मण मिळाला हो, आमच्या ओळखीचेच आहेत, त्यांनी आपण होऊन फोन केला. आणि लिफ्टमधून शेषगिरी बाहेर आला.

गुंडो आधी दचकला, मग त्याला जवळजवळ बरंच वाटलं. बहिरा, मुका, तमिळ. तिथलं इथे बोलायचं नाही हा त्याला नियम. याच्याकडून कसली भीती? श्रीहरीने पाहुण्याला कानडीत या, बसा म्हटलं. शेषगिरीने चपला काढल्या आणि म्हणाला, "मराठींतच बोला हो. आम्ही तंजावरचे. घरांत हेंच बोलतों."

श्रीहरीला कौतुक वाटलं. मराठा राजांच्या फौजेबरोबर आलेले आपले लोक इथे बंगळूरला थांबले, त्यातलेच काही पुढे तंजावरला गेले, त्यांच्या घरांत अजून जुनी मराठी आहे, असं तो सुप्रीताला हाक मारून सांगू लागला. गुंडोच्या पायाखालची फरशी मात्र सरकली. आपल्या लोकांची एक फांदी आणखी खाली तमिळ मुलखात गेली, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. त्या खोलीत बसताना मात्र एकदाही आठवलं नव्हतं. पहिल्या मंगळवारपासूनचं एकेक वाक्य त्याला आता आठवायला लागलं: इंजिन, नाइंटीचं पाकीट, वाळका आकडा, आंधळी बायको, आणि ते तीन फोन.

श्राद्धाला बसणाऱ्याने ब्राह्मणाचे पाय धुवायचे असतात. शेषगिरी पाटावर उभा राहिला आणि गुंडो त्याच्यापुढे वाकला. पाणी घालता घालता त्याने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही इथं कशाला आलात?"

"तूच म्हणालास, जेवायला कुणी मिळत नाही."

"एक शब्द काढलात तर मीही सांगेन. दारुडा आईच्या जागी जेवतो हे कळलं की तुमचा श्राद्धाच्या जेवणांचा धंदा बसेल."

शेषगिरीने त्याच्या श्वासाचा वास घेतला. लवंगेखाली काय आहे ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही. "तिथलं इथं काढायचं नाही," तो म्हणाला. "नियम आहे." आणि दुसरा पाय पुढे केला.

पुढे सगळं रीतसर झालं. दोन ब्राह्मण बसले, एक देवाच्या जागी, दुसरा शेषगिरी अनुसूयाबाईंच्या जागी. केळीची पानं मांडली, वाढप झालं, खीर, वडे, भाज्या, तूप. नागराजाचार्य मंत्र सांगत होते आणि गुंडोचे हात दगडासारखे स्थिर होते. श्रीहरी भिंतीशी हात जोडून उभा होता आणि भावाच्या हातांकडे समाधानाने बघत होता. मग आपोशनाची वेळ आली. कर्त्याने ब्राह्मणाच्या तळहातावर थोडं पाणी घालायचं, ब्राह्मणाने ते पिऊन जेवायला सुरुवात करायची. ते पाणी घेतलं की जेवण सुरू झालं, म्हणजे आईने अन्न स्वीकारलं.

देवाच्या जागेवरच्या ब्राह्मणाने पाणी घेतलं. गुंडोने शेषगिरीच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. शेषगिरीने हात तसाच ठेवला.

नागराजाचार्यांनी मंत्र पुन्हा म्हटला. शेषगिरी पानाकडे बघत होता. तळहातावरचं पाणी बोटांमधून थेंब थेंब खाली गेलं. आचार्यांनी गुंडोला खूण केली, त्याने पुन्हा पाणी घातलं. तेही तसंच गेलं. आचार्य वाकून हळूच म्हणाले, काय झालं, प्रकृती बरी नाही का? शेषगिरीने मान हलवली, बरी आहे. जेवणाऱ्याने बोलायचं नसतं, आणि तो बोलला नाही.

घरात एकदम शांत झालं. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा नदीकाठी जसं होतं तसंच ते झालं. सुप्रीता कुजबुजली, काहीतरी राहिलं असेल सासूबाईंचं. श्रीहरीचा चेहरा पडला. लॅपटॉपवर जगाचा कारभार हाकणारा तो माणूस हात जोडून रिकाम्या हवेला म्हणाला, "आई, काय राहिलं? संहिताचं लग्न आम्ही नीट करून देऊ. अण्णाला मी अंतर देणार नाही. जेव आता." गुंडोने ते ऐकलं. ज्या भावाला तो तीन महिने चौदा जणांसमोर शिव्या घालत होता, तो त्याच्यासाठी आईची विनवणी करत होता.

आवाज का थांबले म्हणून अलका तुपाची वाटी घेऊन बाहेर आली. तिने शेषगिरीला पाहिलं. मंगळवारी चर्चच्या फाटकातून बाहेर पडणारे चेहरे तिला पाठ होते; सगळ्यांत शेवटी, चहाचे ग्लास धुवून, हाच माणूस निघायचा. मघाशी स्वयंपाकघरात तिने त्याचं मराठी ऐकलं होतं, पण तेव्हा ती वडे उलटत होती. तिने त्याच्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या न कापणाऱ्या हातांकडे. गणिताच्या बाईला आणखी काय लागतं?

"तुम्ही तिथं काय बोलायचात?" तिने गुंडोला विचारलं.

गुंडोला अजूनही वाचायला जागा होती. म्हातारा वेडा आहे म्हणता आलं असतं. नागराजाचार्यांनी दुसरा ब्राह्मण शोधला असता. शेषगिरी तर तोंड उघडणार नव्हताच. तो नियमाला चिकटून गप्प बसला होता. गुंडोने तिसऱ्यांदा पळी भरली आणि ती त्या हातावर धरली, पण ओतली नाही.

"मी प्यायलोय," तो म्हणाला. "आज सकाळी. रोज पितो. एक दिवस थांबलो नाही. तिथं मी तुम्हा सगळ्यांना शिव्या घालायचो आणि ते टाळ्या वाजवायचे." मग पानाकडे बघून म्हणाला, "तिने तीनदा फोन केला होता. मी बघून ठेवून दिला."

श्रीहरी पुढे आला, त्याने गुंडोच्या बोटातलं पवित्रक ओढून काढलं, इतक्या जोरात की दर्भाने कातडी सोलली.

"ऊठ," तो म्हणाला. "आणि आईच्या समोर थांबू नकोस."

नागराजाचार्यांनी श्रीहरीला पुन्हा अंघोळ करायला लावली. पानं बदलली, पुन्हा वाढलं. गुंडो फ्लॅटच्या बाहेर लिफ्टजवळच्या पायरीवर ओल्या धोतरात बसला होता. शेजारच्या फ्लॅटची बाई कुत्र्याला घेऊन गेली तेव्हा तिने कुत्र्याला जवळ ओढलं. बऱ्याच वेळाने आतून श्रीहरीचा आवाज आला. तो रीतीप्रमाणे विचारत होता, तृप्त झालात? आणि शेषगिरीचा आवाज आला, तृप्त झालों. जे विचारायला गुंडो वर्षभर तडफडला होता, ते धाकट्याने विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं. गुंडो धोतराच्या सोग्याने तोंड दाबून रडला. यावेळी सोंग नव्हतं, आणि बघायला कुणी नव्हतं.

शेषगिरी बाहेर आला, चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"माझं वाटोळं केलंत तुम्ही," गुंडो म्हणाला.

"आकडा म्हणालास, बहिरा म्हणालास, तें चाललं," शेषगिरी म्हणाला. "माझी बायको खरंच सोडून गेली, तेंही चाललं. पण मी पिऊन जेवलों आहें, गुंडो. लोकांच्या बापांच्या, आयांच्या जागीं बसून. वर्षानुवर्षं. मुलं विचारायचीं तृप्त झालात का, आणि मी हो म्हणायचों." लिफ्ट आली. "तुझ्या आईच्या नांवानं तसा खोटा हो मी म्हटला नाही. मला शिव्या दे." दार बंद झालं.

गुंडोने दिल्या. रिकाम्या लिफ्टला, दोन भाषांत.

मग अलका एका पानावर उरलेलं अन्न घेऊन आली. पंगत आत चालू होती. तिने पान पायरीवर, त्याच्यापासून हातभर लांब ठेवलं.

"जेवा," ती म्हणाली. "मग निघायचंय. आज मंगळवार आहे."

"मी जाणार नाही तिथं."

"जाणार. आणि मी बाहेर बसणार नाही."

संध्याकाळी के. आर. पुरमच्या त्या खोलीत अलका भिंतीशी खुर्ची लावून बसली, मांडीवर पर्स, तोंड शिक्षा सुनावायला बसल्यासारखं. राजरत्नमने तिला वणक्कम केलं, तिने मान हलवली. गुंडोची पाळी आली. पाकिटाचा अंमल उतरला होता आणि हात लटलट कापत होते, ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले. त्याला या खोलीत आजवर शब्द कधी कमी पडले नव्हते. आता मराठी कळणारी दोन माणसं समोर होती आणि तीन महिने उफाळून येणारी जीभ टाळूला चिकटली. शेषगिरी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होता. अलका त्याच्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

तो फार थोडं बोलला. नाव सांगितलं. आज सकाळी प्यायलो म्हणाला. आईच्या पाटावरून उठवलं म्हणाला, आणि उठवलं ते बरोबर केलं की नाही ते मला अजून कळत नाही, मला अजून रागच येतोय, असंही म्हणाला. मग बसला.

नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी त्या वाजवल्या. अलकाने आणि शेषगिरीने वाजवल्या नाहीत.

थोड्या वेळाने शेषगिरी उठून चहा वाटू लागला. गुंडोचा ग्लास सगळ्यांत शेवटी आला, बिनसाखरेचाच. गुंडोने तो दोन्ही हातांनी धरला. अर्धा धोतरावर सांडला, उरलेला प्यायला.